रेडिएटरवरचे मुंगळे

मुंगळे दिसले की अजूनही माझ्या छातीत आधी धस्स होतं. सत्तरएक वर्षं झाली, तरी होतं. वैशाखात हे कुठून कुठून निघतात देव जाणे. काळे, टपोऱ्या डोक्याचे, भिंतीच्या कडेनं शिस्तीत चाललेले. परवा ओट्यावर त्यांची रांग लागली आणि माझ्या हातातली वाटी खाली पडली. सून म्हणाली, "आई, एवढं काय दचकता? मुंगळेच तर आहेत." आता हिला काय सांगणार! बाहेर मंगल कार्यालयातला बँड वाजत होता, पंखा गरम वारा फेकत होता, आणि मी मात्र जालन्यातल्या एका निंबाच्या झाडापाशी उभी होते. डोक्यावर पदर, हातात बादली, वय सतरा.

त्या वर्षी माघात माझं लग्न झालं आणि फाल्गुनात मी नांदायला आले. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. ते कापसाचे अडते. घर गावाच्या टोकाला, कापसातून सरकी काढायच्या जिनिंगच्या भिंतीला लागून. दिवसभर जिनाची घरघर आणि हवेत रुई. भाकरीवर रुई, केसांत रुई, दुधाच्या सायीवर रुई. सासूबाई म्हणायच्या, "आपल्या घरी वाती वळायचं कामच न्हाई, देवापुढं नुसती पणती ठिवली तरी वात आपसूक येऊन पडती." आमचे हे तेव्हा औरंगाबादेत शिकायला होते. घरात मामंजी, सासूबाई, मामंजींचे धाकटे भाऊ अण्णा, आणि मी. आणि दारातल्या निंबाखाली ती मोटार.

मोटार कसली, नमुनाच होता एक. पोलीस ॲक्शनला, म्हणजे निजामाचं राज्य जाऊन, दोन-अडीच वर्षं झाली होती. एक जहागीरदार गाव सोडून हैदराबादेकडे गेले, त्यांची ही लांब नाकाची विलायती गाडी मामंजींनी घेतली. तिचं मूळचं इंजिन लढाईच्या काळातच बसलेलं, आणि त्या जागी लष्कराच्या मोडीत निघालेल्या लॉरीचं इंजिन कोंबलेलं. मामंजींनी वर आणखी तिची पाठ कापली आणि सुताराकडून सागवानी बाकं ठोकून घेतली, दहा-बारा वऱ्हाडी बसतील अशी. पुढून साहेब आणि मागून बैलगाडी! लोक हसायचे, पण लग्नसराईत तिच्याचसाठी मामंजींच्या दारात हेलपाटे घालायचे.

गाडीबरोबर उस्मानभाई आले. जहागीरदारांकडे वीस वर्षं तीच गाडी हाकलेला माणूस. पन्नाशीचे असतील, दाढी अर्धी पिकलेली, खांद्यावर तेलकट फडकं. ते इंजिनला कान लावायचे, खरोखर लावायचे. वेळूची एक काठी इंजिनवर टेकवायचे, दुसरं टोक कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचे. मी दाराच्या फटीतून बघायची आणि चाट पडायची. आमच्या गावात वैद्यसुद्धा माणसाचं एवढं मन लावून ऐकत नसे.

माझं माहेर जाफराबादच्या पलीकडचं, शेतकऱ्याचं. तिथं मोटार कुणी पाहिलेली नव्हती. आणि मामंजींनी मला अक्षय्य तृतीयेचा शब्द दिला होता, "सूनबाई, अखितीला तुला मोटारीतून धाडतो माहेरी." बाई बाई, काय झालं होतं मला त्या शब्दानं! भाकरी थापताना, दळताना, रात्री पडल्यावर, नुसती मोटार. वेशीत मोटार थांबली आहे, माझे वडील, आप्पा, धावत आले आहेत, मैत्रिणी तोंडावर हात घेऊन उभ्या आहेत. ती मोटार माझीच आहे असं मला वाटायला लागलं होतं. मी तिच्याकडं तशाच मायेनं बघायची.

दुपारी बाराच्या सुमाराला गाडी यायची. उन्हातून, फुफाट्यातून, नाकावर धूळ घेऊन. उस्मानभाई उतरायचे आणि दाराकडं न बघता हाक द्यायचे, "बाई, गाडीला पानी द्या. लई तहानली बिचारी." पाण्याचं काम सुनेचं. मी बादली ओट्यावर ठेवायची आणि आत व्हायची, मग ते ती उचलायचे. चैत्रापासूनच विहिरीचा तळ दिसायचा, पाणी गढूळच यायचं. गाडी घटाघटा प्यायची. मला फार बरं वाटायचं.

आणि चैत्र निम्मा सरला तशी गाडी तापायला लागली.

आधी राजूरच्या चढाला. वाफेचा लोट आला, वऱ्हाडातल्या बाया किंचाळत उतरल्या, नवरदेव पायी चढ चढला. मग बदनापूरच्या रस्त्याला, तो तर तळहातासारखा सपाट. मग एके दिवशी आमच्याच दारात, उभ्या उभ्या. रेडिएटरचं, म्हणजे पाण्याच्या टाकीचं, झाकण उडालं, तांबूस उकळतं पाणी निंबाच्या फांदीपर्यंत गेलं. मी जन्मात असं काही पाहिलं नव्हतं. जनावर फुटलं असंच मला वाटलं.

आता नातीच्या गाडीत काटा असतो, दिवा लागतो, कारागीर एक वायर खुपसतो आणि पडद्यावर दुखणं वाचतो. तेव्हा दुखणं शोधायला माणूस गाडीखाली जायचा. उस्मानभाईंनी एकेक गोष्ट काढली. पंख्याचा पट्टा ताणून पाहिला, नवा घातला. रबरी नळ्या दाबून पाहिल्या. पाण्याचा पंप उघडला, तो चांगला होता. हेडाचं पॅकिंग फुटलंय का म्हणून पाण्यात तेल शोधलं आणि तेलात पाणी शोधलं. ठिणगी वेळेवर पडते का पाहिलं. मग रेडिएटरच्या जाळीत त्यांना आमच्या जिनातली रुई सापडली, नमद्यासारखा घट्ट थर होऊन बसलेली. निंबाच्या काडीनं एकेक पापुद्रा त्यांनी दोन दिवस काढला. सगळ्यांनी म्हटलं, चला, हेच होतं. तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा उकळली.

अण्णांचं म्हणणं पहिल्यापासून वेगळं. "इंजिन लॉरीचं आन् टाकी मोटारीची. म्हशीला शेळीचं पोट लावलं, तर दुसरं काय व्हईल?" त्यावर उस्मानभाई सावकाश म्हणाले, "अण्णासाब, हेच पोट हिवाळाभर पुरलं न. दिवाळीपासून फाल्गुनापोतर एक थेंब उकळला न्हाई. मंग आत्ताच काय झालं?" अण्णांना कुणी असं पेचात धरलं की राग यायचा.

तो राग एका सकाळी बाहेर पडला. मी आत ताक घुसळत होते. अण्णांचा आवाज आला, "दादा, मी सांगतो काय झालंय ते. जुन्या मालकाची गाडी आपण घेतली, याच्या पोटात दुखून राह्यलं. चार महिने गुमान चालवली आन् आता मुद्दाम जाळून टाकतोय. नमकहराम!"

माझ्या हातातली रवी थांबली. तो शब्द त्या दिवसांत साधा नव्हता. गावात नुकतंच काय काय होऊन गेलं होतं. लोक कुणाच्या दाढीकडं, कुणाच्या टोपीकडं बघून आवाज खाली आणायचे. मी फटीतून पाहिलं. उस्मानभाई फडक्यानं हात पुसत होते. हात स्वच्छ झाले तरी पुसतच राहिले.

"मालिक," ते मामंजींना म्हणाले, अण्णांना नाही, "अखितीपोतर मुदत द्या. खोट न्हाई सापडली तर मी आपल्या पायानं जातो. फक्त तो शब्द घेऊन जायला लावू नका."

मामंजी नुसतं "बघ मंग" म्हणाले आणि आत आले. वीस वर्षांची इमानदारी आणि पाच दिवसांची मुदत! मला रडू कोसळलं. सासूबाई म्हणाल्या, "तुला काय झालं गं? जाशील माहेरी, छकड्यानं जाशील." त्यांना वाटलं, मी मोटारीसाठी रडते. खरं सांगते, थोडीशी त्यासाठीही रडत होते.

त्या पाच दिवसांत मी गाडीला जास्तच जपलं. बादली भरताना हात आखडला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, उस्मानभाई गाडीपुढं उकिडवे बसलेले मला दिसले. हातात ना पाना, ना काठी. नुसते बघत होते. निंबाच्या बुडातून मुंगळ्यांची रांग निघाली होती. ती पुढच्या चाकावरून दांड्यावर, दांड्यावरून जाळीवर आणि थेट रेडिएटरच्या झाकणापर्यंत. झाकणाभोवती काळं कडं झालेलं. उस्मानभाईंनी बोटानं त्या रांगेचा माग काढला, खालून वर आणि पुन्हा वरून खाली.

"तेलाला मुंगळा लागत न्हाई," ते आपल्याशीच बोलले. "पेट्रोलला न्हाई. पान्याला तर न्हाईच न्हाई."

त्यांनी झाकण काढलं. आत बोट फिरवलं. बोटावर तपकिरी, चकचकीत, चिकट काहीतरी आलं. त्यांनी हुंगलं. आणि मग, मामंजी आणि अण्णा दोघंही ओट्यावर उभे असताना, ते बोट जिभेला लावलं.

"मालिक, हे तर मीठा हय!"

"येडा झाला का?" म्हणत अण्णा खाली उतरले, बोट घातलं, चाखलं. त्यांचा चेहरा असा झाला की एरवी मी हसून लोळले असते. "दादा, गूळ हाय! बिलकुल गूळ! काकवी झालीय आतमधी!"

मी दाराआड उभी होते. माझ्या कानात जिनाची घरघर एकदम बंद झाल्यासारखी झाली. मी दाराची चौकट धरली.

कारण गूळ मीच घालत होते. रोज.

आता तुम्ही हसाल. हसा. पण माझ्या बापाच्या घरी जालन्याच्या अडतीवर कापूस टाकून बैल परत यायचे ना, तेव्हा आप्पा त्यांना उन्हातून आल्या आल्या नुसतं पाणी पाजू द्यायचे नाहीत. "तापल्या जिवाला कोरडं पाणी बाधतं," म्हणायचे. बादलीत गुळाचा खडा फोडायचा, चिमूटभर मीठ टाकायचं आणि मग बैलापुढं धरायची. आल्या पाहुण्यालाही आधी गूळ, मग पाणी. मला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. उस्मानभाई म्हणायचे गाडी तहानली, गाडी थकली, गाडी बिचारी. मला खरंच वाटायचं. आणि हिला पुढं मला घेऊन जाफराबादपर्यंत जायचं होतं! गाडी उकळायची तेव्हा अंगणात गुऱ्हाळासारखा वास सुटायचा. मला तो माहेरचा वास वाटायचा. मला वाटायचं, हिला मानवतंय.

पाणी गढूळ, म्हणून रंगावरून कुणाला कळलं नाही. चवीवरून कळलं असतं. उस्मानभाईंनी त्या बादलीतलं एक ओंजळभर पाणी कधी तोंडाला लावलं असतं, तर चैत्रातच उलगडा झाला असता. पण त्यांचं पिण्याचं मटकं वेगळं, निंबाच्या बुडाशी. आमच्या घराच्या भांड्याला त्यांनी तोंड लावायचं नाही, ही रीत त्यांनाही पाठ होती आणि आम्हालाही. रोज ते माझी बादली उचलायचे, आपल्या हातानं आपल्याच गाडीत ओतायचे, आणि मग मटक्याकडं वळायचे.

खोट सापडली, आता सुटले उस्मानभाई, असं मला वाटलं. इतकी भोळी होते मी! अण्णा गरजले, "आता तरी पटलं का दादा? यानंच टाकला गूळ! इंजिन मारायची ही लष्करी कला हाय, मी ऐकलेलं हाय. पकडला जाईल म्हणून आता सोताच सापडल्याचं सोंग करून राह्यला!"

उस्मानभाईंच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं. त्यांनी शोधलेली खोट त्यांच्याच गळ्यात पडली होती.

नवी सून सासऱ्यांपुढं उभीसुद्धा राहत नसे. मी उंबरा ओलांडला कसा, मला ठाऊक नाही. पदर नाकापर्यंत ओढलेला, समोर फक्त माझीच पावलं दिसत होती. "म्या टाकला," मी म्हणाले. आवाज आपला नाहीच असं वाटलं. "गूळ म्या टाकला. रोज. बैलाला देत्यात न... उन्हातून आल्यावर."

मी वाट बघत होते, आता मामंजी म्हणतील, उचल तुझी पेटी. सासूबाईंचा हात पाठीत बसेल. मी सगळ्याला तयार होते.

आणि मामंजी हसले. आधी नाकातून, मग पोट धरून. "अगं बये! मोटारीला गूळ!" अण्णा तर ओट्यावर मटकन बसले आणि मांडीवर थापा मारायला लागले. सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. जिनातले हमाल भिंतीवरून डोकावले, त्यांना सांगण्यात आलं, तेही हसले. "बैलाला देत्यात न!" माझी नक्कल करून अण्णा पुन्हा पुन्हा हसत होते. मी थिजून उभी होते. मार खाल्ला असता तर एवढा धक्का बसला नसता. माझ्या चुकीचं कुणालाच काही वाटलं नव्हतं. ज्या शब्दावरून एवढं रामायण झालं, तो शब्द कुणी परत घेतला नाही. तो घ्यायचा असतो हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही. हसण्यात तो वाहून गेला, असं सगळ्यांनी धरलं.

एक उस्मानभाई हसले नाहीत.

त्यांनी रेडिएटर उतरवून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळला, एकदा, दोनदा, तीनदा. पहिलं पाणी काकवीसारखं आलं, दुसरं चहासारखं, तिसरं विहिरीसारखं. त्यात एक पांढरट, घट्ट गोळाही निघाला. तो त्यांनी तळहातावर घेतला, दाबून पाहिला आणि मान वर करून दाराकडं बघितलं. मग कुणी बघायच्या आत तो मातीत टाकून पायानं दाबला. तो ज्वारीच्या पिठाचा होता. अशक्त बैलाला आप्पा मूठभर पीठही कालवून द्यायचे. गाडी फारच दमली होती म्हणून मी एकदा घातलं होतं. हे पिठाचं मी आज पहिल्यांदाच सांगते आहे.

अखितीला उस्मानभाईंनीच मला माहेरी पोचवलं. सोबतीला सासूबाई. राजूरचा चढ गाडी गाणं म्हटल्यासारखी चढली. वेशीत सगळा गाव आला. जसं मनात रंगवलं होतं तसंच सगळं झालं, आणि मला त्यातलं काही धड आठवत नाही. आठवते ती उस्मानभाईंची पाठ. तीन-चार तास मी त्या पाठीमागं बसले होते. माफ करा, एवढे दोन शब्द. ते जिभेवर आले आणि गिळले, आले आणि गिळले. सासूबाई शेजारी, आणि परक्या पुरुषाशी बोलायचं कसं? हे सगळं खरं आहे. तरी दोनच तर शब्द होते.

आठ दिवसांनी अण्णा छकडा घेऊन मला न्यायला आले. मी विचारलं, मोटार का नाही आणली? "तुझा उस्मान गेला न सोडून," अण्णा म्हणाले. मला पोचवून परतल्यावर उस्मानभाईंनी गाडी धुतली, निंबाखाली लावली, गाडी चालू करायचं हँडल आणि फडकं ओट्यावर ठेवलं. मामंजी म्हणाले होते, अरे झालं गेलं, आता कशाला जातोस? त्यावर ते म्हणाले, "रेडिएटर धुता येतो, मालिक." बस्स, एवढंच. कुठं गेले कुणी विचारलं नाही. अण्णा हे सांगताना बैलांना हाकत होते आणि मी छकड्यात सुन्न बसले होते. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की झालं. माझ्या बाजूनं मी सगळं केलं. उंबरासुद्धा ओलांडला!

गेल्या आठवड्यात घरात लग्न होतं. हळदीच्या दिवशी माझी नात चारचौघींत बसून रंगात आली होती. आजीनं मोटारीला गूळ कसा घातला, ही आमच्या घराण्याची लाडकी गोष्ट. तिनं ती अगदी नकलांसकट सांगितली. अण्णांच्या मांडीवरच्या थापा, "बैलाला देत्यात न", सगळं. पोरी हसून हसून लोळल्या. मीही हसले. आणि मग माझ्या लक्षात आलं. मी तिला जवळ बोलावलं.

"आणि ड्रायव्हर?"

"कोणता ड्रायव्हर, आजी?"

हिच्या गोष्टीत गाडी आपोआप यायची, आपोआप जायची. हिची काही चूक नाही. सांगता सांगता ते कधी गळाले, कुणी गाळले, कुणालाच कळलं नव्हतं. त्या गोंधळातच मी तिला सगळं सांगितलं. उस्मानभाई, वेळूची काठी, तो शब्द, अखितीची मुदत, मुंगळे. ती हसली नाही. हातावरची वाळलेली हळद खरवडत राहिली.

"म्हणजे उन्हातून आली की गाडीला गूळ-पाणी," ती हळूच म्हणाली. "आणि ती चालवत आणायचे, त्यांना?"

सत्तर वर्षांत मी त्या दिवसांबद्दल काय काय आठवलं होतं, काय काय सोसलं होतं, आणि हे एकदाही, अगदी एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. बाहेर पोरी मला हाका मारत होत्या, आजी, इकडं ये, ते पुन्हा सांग म्हणून.

"नाही दिलं," मी नातीला म्हणाले. "त्यांना कधीच नाही दिलं."